एक निशाण माफ : ‘कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स’

लढाईवरच्या बहुतेक पटखेळांत पलटण म्हणजे एक आकडा असतो. फासे टाकायचे, वजाबाकी करायची, उरलं तर पुढे सरकायचं. या खेळातही वजाबाकी आहेच, पण फासे थांबले की आधी बघावं लागतं ते पलटणीच्या डाव्या-उजव्या हाताला कोण उभं आहे आणि तिच्यात सरदार आहे की नाही. शेजारच्या दोन घरांत आपली माणसं असतील तर फाशावर आलेलं माघारीचं एक निशाण माफ. सरदार सोबत असेल तर आणखी एक माफ. सगळा खेळ या दोन माफ्यांवर उभा आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी हा खोका मागवायचा विचार करत असेल, तर बाकीचं वाचण्याआधी त्याने एवढंच स्वतःला विचारावं: रांग धरून खेळण्यात आपल्याला गोडी वाटेल का? एकट्याने घुसून रण गाजवायची हौस असेल तर हा खेळ दर डावाला तोंडघशी पाडतो.

खेळ इसवी सनापूर्वीच्या लढायांवरचा, मुख्यतः रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्या; २००६ सालचा, अमेरिकेतल्या जीएमटी गेम्सचा. रचना रिचर्ड बोर्ग यांची. दोन गडी लागतात. पटावर १३ घरं रुंद आणि ९ घरं खोल असं षटकोनी जाळं, तुटक रेषांनी डावी, मधली आणि उजवी अशा तीन भागांत वाटलेलं. ६० पत्ते, ७ फासे, टेकड्या-रान-नदीचे पुठ्ठ्याचे तुकडे आणि साडेतीनशेच्या आसपास लाकडी ठोकळे. चार ठोकळे म्हणजे पायदळाची एक पलटण, तीन म्हणजे घोडदळाची, दोन म्हणजे हत्तींची. सरदार एका ठोकळ्याचा. मार बसला की ठोकळा उचलायचा. शेवटचा उचलला की समोरच्याला एक पताका. ठरलेल्या पताका ज्याच्या आधी पुऱ्या होतील तो जिंकला.

खोका उघडल्यावर लगेच खेळता येत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. ठोकळे कोरे असतात आणि चित्रं चिकटवायची असतात, तीही दोन्ही बाजूंना. म्हणजे सातशेच्या घरात स्टिकर. दोघं बसले तरी दोन-तीन संध्याकाळी जातात. घाई केली की हमखास होणाऱ्या चुका दोन. पहिली, मापांची गल्लत: ठोकळे वेगवेगळ्या मापांचे आहेत आणि मध्यम पलटणीचं चित्र चुकून दुसऱ्या मापाच्या ठोकळ्यावर गेलं की शेवटी चार ठोकळे कमी पडतात. म्हणून आधी नियमपुस्तिकेतली यादी समोर ठेवून ठोकळे मापाप्रमाणे वाट्यांत काढायचे, एका फौजेचा एकच प्रकार हातात घ्यायचा, तो दोन्ही बाजूंनी पुरा करायचा आणि मगच पुढचा. दुसरी चूक, लाकडाचा भुसा: ठोकळ्यांवर बारीक भुकटी असते. कोरड्या सुती फडक्याने पुसल्याशिवाय चिकटवलं तर महिन्याभरात कडा उचलतात. स्टिकर चिमट्याने धरायचा, मधून बाहेर अंगठ्याने दाबायचा. सुटलेल्या कडेला पातळ फेविकॉल लावू नका, कागद फुगतो. काडीचा गोंद पुरतो.

ठाण्याच्या हवेत ही काळजी जरा जास्तच घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर खाडीकडच्या इमारतींत कागद अक्षरशः मऊ पडतो. पट घडीवर वाकतो, पत्ते एकमेकांना चिकटतात. पत्त्यांना पहिल्या दिवसापासून प्लास्टिकची पाकिटं घाला, खोक्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका आणि त्या पावसाळ्यात एकदा तरी बदला. पटावर नेमप्लेटवाल्याकडून पटाच्या मापाची पारदर्शक ॲक्रिलिकची शीट कापून आणली तर वाकही निघतो आणि टेकड्यांचे तुकडे तिच्याखाली दबून राहतात. नाहीतर पंख्याचा रेग्युलेटर तीनवर गेला की अर्धं रान उडून सोफ्याखाली. ठोकळे ठेवायला जांभळी नाक्याच्या बाजारात मण्या-बटणांसाठी मिळतो तो खणांचा प्लास्टिकचा डबा उत्तम; एका खणात एक प्रकार. ट्रान्स हार्बरने वाशीला किंवा नेरुळला मित्राकडे न्यायचा असेल तर डब्याला दोन रबरबँड लावा. लोकलमध्ये डबा उघडला तर रोम आणि कार्थेज वेगळे करण्यात डावाचा वेळ संपतो.

आता मूळ मुद्दा. फाशाला सहा बाजू: हिरवं वर्तुळ, निळा त्रिकोण, लाल चौकोन, तलवारी, सरदाराचं शिरस्त्राण आणि निशाण. हलक्या पलटणीला वर्तुळ लागतं, म्हणजे त्याचा मार बसतो; मध्यमला त्रिकोण, जडला चौकोन. तलवारी हातघाईच्या लढाईत लागतात, मात्र मारणारी पलटण हलकी असेल तर सहसा नाही. शिरस्त्राण तेव्हाच लागतं जेव्हा मारणाऱ्या पलटणीसोबत किंवा तिला लागून असलेल्या घरात तिचा सरदार असतो. आणि निशाण म्हणजे माघार: एका निशाणाला पलटणीने आपल्या पूर्ण चालीएवढी घरं मागे हटायचं. जड पायदळ एक घर हटतं, मध्यम घोडदळ तीन, हलकं घोडदळ चार.

माघार म्हणजे नुसती जागा गेली असं समजू नका. या खेळात ज्याच्यावर हल्ला झाला तो शिल्लक राहिला आणि जागेवर टिकला तर लगेच उलटा वार करतो. हटला तर उलटा वार गेला, आणि शेजाऱ्याच्या बाजूचं घर रिकामं झाल्याने त्याचीही माफी गेली. एक पलटण हटते आणि तीन कच्च्या होतात. नवख्यांना ‘फासे फिरले’ असं वाटतं. फासे तेच असतात, रांग फिरलेली असते.

हिशेब मांडला की डोळे उघडतात. जड पायदळ पाच फासे टाकतं. पाच फाशांत निदान एक निशाण पडण्याची शक्यता जवळजवळ ६० टक्के. म्हणजे एकट्या उभ्या पलटणीने दहातल्या सहा वेळा पळायचं. तिच्या दोन बाजूंना आपल्या पलटणी असतील तर पळायला दोन निशाणं पडावी लागतात आणि शक्यता २० टक्क्यांखाली येते. त्यात सरदार येऊन उभा राहिला तर तीन निशाणं हवीत: साडेतीन टक्के. चार फाशांच्या हल्ल्यापुढे हेच आकडे ५२, १३ आणि दीड असे येतात. शेजाऱ्याचा धीर साठाचे वीस करतो, सरदाराचा धीर वीसाचे साडेतीन. टक्क्यांत मोजलं तर पहिली उडी मोठी आहे, आणि ती फुकटात मिळते. सरदार मात्र मोजकेच असतात. म्हणून आधी रांग, मग सरदार.

सरदाराचा दुसरा उपयोग मारताना. जड पलटणीने जड पलटणीवर पाच फासे टाकले तर सहातल्या दोन बाजू लागतात, सरासरी १.६७ ठोकळे. शिरस्त्राण धरलं की तीन बाजू लागतात, सरासरी २.५. दीडपट! आणि इथे एक बारकावा आहे जो नियमपुस्तिका वाचताना निसटतो: माघार माफ होते ती फक्त सरदार ज्या पलटणीसोबत त्याच घरात आहे तिची, पण शिरस्त्राणाचा फायदा त्याच्या भोवतीच्या सहाही घरांतल्या पलटणींना मिळतो. त्यामुळे सरदार रांगेच्या टोकाला ठेवणं म्हणजे निम्मा वाया घालवणं. त्याची जागा मधे, दोन्हीकडे आपली माणसं असताना. शिवाय पायदळाने समोरचं घर मोकळं करून पुढे सरकल्यावर लगेच दुसरा वार करायचा असेल तर सोबत सरदार असावा लागतो. घोडदळाला तशी गरज नाही.

सरदार मरेल म्हणून त्याला मागच्या ओळीत लपवणं ही इथली सगळ्यात महागडी काटकसर. त्याच्या पलटणीचा ठोकळा पडला की दोन फासे टाकतात आणि दोन्हींवर शिरस्त्राण आलं तरच तो मरतो, म्हणजे ३६ मध्ये एकदा. पलटणच संपली तर एक फासा, सहात एकदा. नाहीतर तो निसटतो. धोका पहिल्या प्रकारात नगण्य आणि दुसऱ्यात खरा आहे. यावरून नियम असा निघतो: तीन-चार ठोकळ्यांच्या पलटणीसोबत बिनधास्त राहा, एकच ठोकळा उरला की आपल्या पुढच्या पाळीत सरदार शेजारच्या भरलेल्या पलटणीत हलवा. सरदार पडला तर समोरच्याला पताका मिळतेच, वर त्या भागातली सगळी शिरस्त्राणं कोरी जातात.

हे वाचताना मराठी माणसाला पानिपत आठवणारच. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. त्याच्याआधी इब्राहिमखान गारद्याच्या तोफा-बंदुकांच्या पुढे आपलेच स्वार घुसून गोलाची रचना विस्कटली होती. या खेळाच्या भाषेत आधी शेजाऱ्याची माफी गेली, मग सरदाराची. खेळ इसवी सनापूर्वीच्या लढायांवर आहे, त्यात ना तोफा ना बंदुका; तरी हे दुखणं तो नेमकं पकडतो.

खुद्द या खोक्यातली कॅन्नीची लढाई (इसवी सनपूर्व २१६; कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमनांना हरवलं ती) याच दृष्टीने लावून बघण्यासारखी आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की रोमन फौजेचा पसारा बघून हॅनिबलचा गिस्गो नावाचा साथीदार म्हणाला, किती ही माणसं! त्यावर हॅनिबल गंभीर चेहऱ्याने उत्तरला की याहून नवल म्हणजे एवढ्या गर्दीत गिस्गो नावाचा एकही नाही. सगळे हसले, हसू खालपर्यंत पोचलं आणि एवढ्या मोठ्या शत्रूपुढे आपला सेनापती थट्टा करतोय हे बघून फौजेला हुरूप आला. पण लढाईत हॅनिबल उभा राहिला तो घोडदळात नाही; धाकटा भाऊ मागो याला घेऊन मधल्या फळीत, गॉल आणि स्पॅनिश पायदळात, जिथे रोमनांचा सगळा दाब येणार होता तिथे. ती फळी हळूहळू मागे सरकली, फुटली नाही. पटावर कार्थेजकडून खेळताना पहिला मोह होतो तो हॅनिबलला घोड्यांकडे पाठवायचा. तसं करून एक डाव हरा, म्हणजे तो मधे का राहिला ते कळेल.

रांग कशी धरायची, याबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक घरांत इथेच गाडी अडते. षटकोनी घराला सहा शेजारी: पुढे दोन, बाजूला दोन, मागे दोन. बाजूचे दोन भरलेले असले की माफी मिळाली. टोकाच्या पलटणीला एकच बाजू असते, म्हणून तिच्या मागच्या दोन घरांपैकी एकात आणखी एक पलटण ठेवायची. दोन्हींत मात्र नाही! माघार नेहमी आपल्या कडेच्या घरात घ्यावी लागते, आणि आपल्याच माणसांनी भरलेल्या घरात हटता येत नाही. हटायला घर मिळालं नाही तर जितकी घरं कमी पडली तितके ठोकळे मरतात. बाजूचा मित्र धीर देतो, पाठीमागे खेटून उभे राहिलेले दोन मित्र मारतात. मागची ओळ हवीच असेल तर एक घर सोडून उभी करा. घोडदळाच्या मागे तर निदान तीन-चार घरांची पट्टी मोकळी ठेवा, कारण त्याची माघार लांब पडते.

चालताना रांग तुटते ती पत्त्यांमुळे: दर पाळीला एक पत्ता टाकायचा आणि तो सांगेल तेवढ्याच पलटणी हलवायच्या. हातात ‘डाव्या भागात दोन’ असा पत्ता असेल तर दोनच पलटणी हलतात आणि त्यांच्या शेजारचे मागे राहतात. उपाय असा की टोकाच्या दोन कधीही पुढे काढायच्या नाहीत. हलवायच्याच तर अशा दोन की पुढे सरकल्यावर त्या एकमेकींना आणि मागे राहिलेल्या एकीला तरी लागून राहतील. शिडीच्या पायऱ्यांसारखी तिरकी रांग चालते, दातेरी रांग चालत नाही. ‘लाइन कमांड’ हा पत्ता आला की सलग उभं पायदळ एकदम हलतं. तो पत्ता येईपर्यंत रांग सलग ठेवणं हीच तयारी. रांग तुटलेली असताना तो हातात आला तर काय उपयोग? ‘लीडरशिप’चे पत्ते सरदाराला आणि त्याला लागून असलेल्यांना हलवतात, म्हणजे सरदार एकटा पडला की तेही फुकट. ‘क्लॅश ऑफ शील्ड्स’ किंवा ‘डबल टाइम’ हे हल्ल्याला जोर देणारे पत्ते पहिल्या दोन पाळ्यांत टाकून मोकळे होणारे गडी पुष्कळ दिसतात. ते पत्ते दोन्ही रांगा भिडायच्या वेळेसाठी दाबून ठेवायचे असतात.

हलक्या पलटणींना या धीराच्या नियमांची फारशी गरज नाही, त्यांचं काम लांबून भालेफेक करून मागे निसटणं. हत्ती मजेदार आहेत, पण पळताना शेजारच्या आपल्या-परक्या सगळ्यांनाच तुडवतात, तेव्हा त्यांना आपल्या रांगेला चिकटवून ठेवू नका.

नावडण्यासारखंही आहे. फाशांचा कल एखाद्या दिवशी इतका वाकडा जातो की नीट धरलेली रांगही फुटते. ज्यांना बुद्धिबळातली खात्री हवी त्यांची चिडचिड होईल. पट मांडायला पंधरा-वीस मिनिटं आणि डावाला पाऊण ते एक तास, म्हणजे शनिवारची संध्याकाळ लागतेच. पत्ते इंग्रजीत आहेत. सहावी-सातवीतली मुलं नियम पटकन उचलतात, पण ‘अटॅच्ड’ (त्याच घरात) आणि ‘अॅडजेसंट’ (लागून असलेल्या घरात) यांत गोंधळतात. एका कागदावर पत्त्यांचा मराठी तक्ता करून पटाशेजारी ठेवला की तो प्रश्न मिटतो. टेबल निदान चार फूट बाय तीन फूट हवं. घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेतल्या घडीच्या टेबलावर पट मावतो, पण उचललेले ठोकळे आणि पत्ते ठेवायला स्टूल घ्यावं लागतं.

आणखी एक अपेक्षा आधीच सोडलेली बरी. ‘यात वसईचा वेढा बसवता येईल का’ हा प्रश्न आपल्याकडे येतोच, आणि येणं साहजिक आहे. ठाण्याचा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई. वेढ्यात मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे यांच्यासारखी माणसं पाठीशी होती, म्हणजे सरदारांनी एकमेकांना धरून ठेवण्याचा विषय तिथे भरपूर. पण वेढा म्हणजे तट, खंदक, सुरुंग, खाडीतली गलबतं आणि महिनोन्‌महिने वाट बघणं. इथली पाळी म्हणजे मैदानातली चाल, तीही एका दिवसाच्या लढाईतली. घरगुती नियम जोडून काहींनी तसं करायचं ठरवलं तर तट म्हणून टेकड्या मांडल्या जातात आणि डाव दहा मिनिटांत संपतो. त्यापेक्षा पहिली पुरवणी, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा वेगळा खोका, घ्या: तिच्यात झेलमच्या काठी अलेक्झांडर आणि पोरस यांची इसवी सनपूर्व ३२६ ची लढाई आहे. हत्ती नेमके कुठे उभे करायचे यावर रात्र जाते.

याच रचनाकाराचा दुसऱ्या महायुद्धावरचा ‘मेमॉयर ’४४’ दुकानांत सहज दिसतो आणि प्लास्टिकच्या सैनिकांमुळे मुलांना आधी तोच आवडतो. शिकायला सोपा आहे, स्टिकर नाहीत. पण त्यात पटावर सरदार नसतात. धीराचं गणित खेळायचं असेल तर हाच घ्यावा. परदेशातून मागवताना खेळाच्या किमतीइतकंच टपालखर्च आणि कस्टम यांकडे लक्ष द्या, खोका जड आहे. विक्रेत्याकडून घरपोच एकूण रक्कम लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका. पुरवणी पहिल्याच दिवशी नको. मूळ खोक्यातल्या लढाया दोन्ही बाजूंनी खेळायच्या म्हटल्या तरी काही महिने जातात.

पहिला डाव ॲक्रागसचा लावा, इसवी सनपूर्व ४०६, सिसिलीतलं ग्रीक शहर सिराक्यूज विरुद्ध कार्थेज. दोन्हीकडे पायदळाच्या लांब रांगा समोरासमोर असतात, त्यामुळे माफीचा नियम लगेच बोटांत बसतो. पहिल्यांदा खेळताना प्रत्येक हल्ल्याआधी बचाव करणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं: शेजारी दोन, सरदार आहे, दोन माफ. चार-पाच पाळ्यांनंतर म्हणावं लागत नाही. डाव संपला की ठोकळे न आवरता खुर्च्या बदला आणि तोच डाव उलट्या बाजूने खेळा, दोन्ही डावांच्या पताकांची बेरीज करा. पाटी सारखी होते आणि ‘तुझी बाजूच चांगली होती’ हे भांडण वाचतं.